सालीसकट सुकट

बातमी सांगून होते न होते तोच वाळवणाच्या शेडमधल्या चारही बायकांचे हात एकदम थांबले. असं सहसा होत नसे. त्या हातांना जेवणाची सुट्टी ठाऊक होती, मासळीची गाडी आल्याचा भोंगा ठाऊक होता. पण नुसत्या एका वाक्याने ते थांबल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

“परत सांग,” सासूबाई म्हणाल्या. “आणि या वेळी मध्ये मध्ये श्वास घे.”

धाकटी बसथांब्यापासून धावत आली होती. पर्स खांद्यावरून घसरून कोपराला लोंबत होती, केसांची क्लिप कुठे पडली याचा तिलाच पत्ता नव्हता. घरात थोरली सून कधी नव्हतीच. तरी शेडमधल्या बायका तिला धाकटीच म्हणत, कारण लग्न होऊन आली तेव्हा त्या सगळ्यांत ती लहान होती, आणि एकदा चिकटलेलं नाव आपण होऊन थोडंच सुटतं! अन्न तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती कामाला होती. लोक तिथे पीठ, मध, तेल, लोणचं असं काय काय आणून देत, आणि त्यात काय आहे, काय नाही, ते प्रयोगशाळा आकड्यांत लिहून देई.

“मुलांच्या इस्पितळातल्या आहाराच्या बाई आज आमच्याकडे आल्या होत्या,” ती एकेक शब्द सुटा करत म्हणाली. “त्यांच्याकडे काही मुलं अशी आहेत की त्यांना दूध चालत नाही. प्यायलं की ओकतात, नाहीतर अंगभर पुरळ उठतं. मग त्यांच्या हाडांना कॅल्शियम द्यायचं कशातून? त्याची त्या यादी करतायत. कुणी तीळ म्हणालं, कुणी नाचणी, कुणी पालेभाजी. आणि मी म्हणाले...”

“सुकट!” चौघी एका सुरात ओरडल्या.

“सुकट! आणि आई, त्या हसल्या नाहीत. वही काढून लिहून घेतलं त्यांनी. म्हणाल्या, आकडा आणा. शंभर ग्रॅम सुकटीत निदान हजार मिलिग्रॅम कॅल्शियम निघालं, तर आमच्या स्वयंपाकघरात घेऊ. पुढच्या शुक्रवारी दुपारी बाराला यादी बंद.”

“हजार म्हणजे कितीसं गं?” विचारलं रेडिओने. रेडिओ म्हणजे सासूबाईंच्या उजव्या हाताला बसणारी बाई. सकाळी शेडचं दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत ती बोलत असे. तिला गप्प करायचं बटण देवाने बसवलंच नव्हतं.

“जवळजवळ लिटरभर दुधात असतं तेवढं.”

“अगं बाई! एवढ्याशा सुकटीत अख्खी गाय!”

सगळ्या हसल्या. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी हातातली चाळण हळूच खाली ठेवली आणि मान फिरवून दाराबाहेर, जिथे जाळ्यांवर गुलाबी सुकट, म्हणजे बारीक कोळंबी, उन्हात वाळत पसरली होती तिकडे, बघत राहिल्या. धाकटीला कळलं. एकतीस वर्षं या बाईने मासळी वाळवली होती. बसमध्ये त्या बसल्या की शेजारचा माणूस दोन मिनिटांनी उठून मागे जाई. मुलाच्या शाळेत पालकसभेला त्या नेहमी खिडकीशी उभ्या राहत, म्हणजे कुणाला नाक मुरडायची वेळ येऊ नये. लग्नात आहेर करताना पाकीट दोन बोटांनी धरून घेतलं जाई. त्या कधी काही बोलल्या नाहीत. पण आज कुणीतरी पांढऱ्या कोटातली शिकली-सवरली बाई त्यांच्या सुकटीचं नाव वहीत लिहून गेली होती, तेही आजारी लेकरांसाठी.

“होईल ना गं?” त्यांनी विचारलं, अगदी हळू. “यादीत येईल ना?”

“येणार म्हणजे येणार! पुस्तकात सुकटीचा आकडा केवढा मोठा दिलाय. फक्त एक आहे. घरच्या मालाला घरचा हात लावायचा नाही, असा आमच्याकडे नियम आहे. मी नमुना बघणारसुद्धा नाही. तुम्हीच तो बंद करून खिडकीवर द्यायचा, त्याला नंबर पडणार आणि आमचे सर स्वतः तपासणार.”

“मग मी काय करू?”

“काही नाही. फक्त माल एकदम स्वच्छ द्या हं, आई. एक नंबर. आपली शोभा व्हायला नको.”

हे शेवटचं वाक्य तिने सहज टाकलं. पोहायला जाणाऱ्याला आपण ‘जपून हं’ म्हणतो, तितकं सहज. पण ते ज्या कानांत पडलं, त्यांनी त्याची गाठ बांधून ठेवली.

शनिवार-रविवार धाकटी घराबाहेर पडलीच नाही. तिच्या लेकीला, पिटुकलीला, सर्दी झाली होती, आणि अडीच वर्षांच्या माणसाला सर्दी झाली की घरातल्या बाकीच्यांना दुसरं काम उरत नाही. सासूबाई मात्र दोन्ही दिवस उजाडताच शेडवर गेल्या. संध्याकाळी परतल्या की बोटं कोमट पाण्यात बुडवून बसायच्या. धाकटीने विचारलं तर म्हणाल्या, “तुझाच नियम आहे ना, बघायचं नाही म्हणून? मग विचारायचंही नाही.”

सोमवारी सकाळी त्या ठेवणीतल्या कपड्यांत प्रयोगशाळेच्या खिडकीसमोर उभ्या राहिल्या आणि कापडात गुंडाळलेला डबा दोन्ही हातांनी आत दिला. धाकटीने काचेआडून नुसती मान हलवली. डब्याला सत्तेचाळीस नंबर पडला.

बुधवारी दुपारी सरांनी तिला बोलावलं. सर म्हणजे कमी बोलणारा, उंच, वाकलेला माणूस. बातमी चांगली असो वा वाईट, चेहरा त्याच मापाचा.

“सत्तेचाळीस तुमच्या घरचा ना?”

“हो, सर.”

“एकशे बासष्ट.”

धाकटी वाट पाहत राहिली. तिला वाटलं, पुढे अजून काही आकडे आहेत, सर अडखळले आहेत.

“एक हजार...?”

“नाही. एकशे बासष्ट. मलाही खटकलं, म्हणून दोनदा केलं. दोन्ही वेळा तेच.” त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला. “वाईट नाही तसं. पण हजार नाही.”

बसमध्ये तिला बसायला जागा मिळाली, तरी ती उभीच राहिली. मनात एकच घोळत होतं: आता आईंना काय सांगू? नको तिथे तोंड उघडलं आपण. पुस्तकातलं वाचून मोठ्या फुशारकीने शेडवर धावत गेलो, आणि त्या माउलीने ठेवणीतले कपडे काढले! सांगायचं तरी कसं? ‘आई, लोक नाक मुरडतात ते मुरडू देत, आपल्या सुकटीत तसं काही नाही’? 

शेडच्या दारात पोहोचली तर आत हसण्याचा कल्लोळ. अंडीवाली आली होती. गावाबाहेर तिची कोंबड्यांची खुराडी होती. दर बुधवारी ती हातगाडी घेऊन येई आणि शेडमधला सगळा भुसा, म्हणजे मोठी कोळंबी सोलून उरलेली सालं, डोकी, पाय, शेपट्या, पोत्यात भरून फुकट नेई. कचरा जाई, जमीन साफ होई, बदल्यात ती कधी चार अंडी ठेवून जाई. वर्षानुवर्षं चाललेला हिशेबाबाहेरचा व्यवहार.

आज ती पोत्याचं तोंड आवळताना खूष होऊन ओरडत होती. “आज माझ्या कोंबड्यांचं नशीब फळफळलं गं! हे बघा तरी, किती नाजूक सालं! गुलाबी, पातळ, जसं काही कुणी फुलाच्या पाकळ्या खुडल्यात. हे कुठलं?”

“ते होय?” रेडिओ छाती फुगवून म्हणाली. “ती इस्पितळाच्या सुकटीची. आम्ही सोलली.”

धाकटीचा पाय उंबऱ्यावरच थबकला.

“काय केलं?”

“सोलली! एकेक दाणा! दोन दिवस चौघी बसलो होतो.” रेडिओने नखं पुढे केली, तीन-चार बोटांची टोकं सोलवटलेली. “या अक्कांनी एक साल ठेवू दिलं नाही. डोकं काढ, मिशी काढ, पाय काढ. मी म्हटलं, अहो अक्का, नखाएवढी सुकट कुणी सोलतं का? आमच्या सात पिढ्यांत कुणी सोलली नाही! तर म्हणतात, डॉक्टरांसमोर मिशांसकट पाठवू काय?”

“मग!” सासूबाई म्हणाल्या. “पाहुणे आले की फाटकी चादर घालतो का आपण?” आणि सुनेकडे वळून, चेहरा एकदम उजळून, “आलीस? काय आला आकडा?”

 हातातला कागद घामाने मऊ झाला होता. धाकटीने नुसता कागद पुढे केला आणि आकड्यावर बोट ठेवलं.

बाहेर जाळीवर बसलेल्या कावळ्याचे पाय वाजलेले ऐकू आले. रेडिओसुद्धा बंद.

सासूबाईंनी आकडा वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला. “बरं,” त्या म्हणाल्या. “काही हरकत नाही. उगाच आपण...” आणि वाक्य तिथेच ठेवून चाळण हातात घेतली. चाळणीत काहीच नव्हतं, तरी हलवू लागल्या.

अंडीवालीला बिचारीला या सगळ्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. अवघड वेळी माणूस काहीतरी बरं बोलायला जातो, तशी ती म्हणाली, “जाऊ द्या हो अक्का. इस्पितळाला नको तर नको. माझ्या कोंबड्यांना विचारा तुमची किंमत! मागे तुमची शेड पंधरा दिवस बंद होती, आठवतं? पोतं मिळालं नाही. तर अंडी अशी पातळ आली, अशी पातळ, की हातात धरली की कागदासारखी दबायची. गिऱ्हाईक शिव्या देऊन गेलं. तुमचा भुसा परत सुरू झाला आणि चार दिवसांत कवच दगडासारखं टणक! मी तर सांगते सगळ्यांना, हे अंड्याचं कवच नव्हे, हे कोळंबीचं साल आहे, कोंबडीने नुसतं घडी बदलून दिलंय.”

एवढं बोलून तिने पोतं हातगाडीवर टाकायला उचललं.

“थांबा!”

धाकटी इतक्या जोरात ओरडली की कावळा उडाला. तिने झेप घेऊन पोत्याचं दुसरं टोक पकडलं.

“अगं, काय झालं?”

“सोडा ते! पोतं सोडा!”

“का म्हणून? दर बुधवारचं आहे माझं!”

“कॅल्शियम आहे त्यात! अंड्याचं कवच कशाचं असतं? कॅल्शियमचं! ते कोंबडीच्या पोटात आलं कुठून? या सालातून! आई, अहो आई, सालीत आहे! सगळं सालीत आहे! आपण मुलांच्या तोंडचं काढून कोंबड्यांना घातलं आणि उरलेलं मऊ मांस डब्यात भरून पाठवलं!”

अंडीवाली तिकडून ओढतेय, धाकटी इकडून ओढतेय, मध्ये पोत्याची शिवण करकरली आणि गुलाबी सालांचा पाऊस सगळ्यांच्या अंगावर पडला. रेडिओच्या केसांत मिशा अडकल्या. आणि मग चौघी-पाचजणी अशा हसत सुटल्या की डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

“म्हणजे दोन दिवस नखं झिजवून,” रेडिओ पोट धरत म्हणाली, “आम्ही नेमकं तेच काढून टाकलं?”

“नेमकं तेच!”

“अति तिथे माती म्हणतात ते हेच बघ, अक्का!”

सासूबाईंच्या मात्र कपाळावर आठी होती. “मग आता काय म्हणणं आहे तुझं?”

“आता अख्खी सुकट द्यायची. आपण घरी खातो तशी. डोकं, साल, पाय, सगळ्यासकट. परवा बारापर्यंत वेळ आहे.”

“नाही.”

“आई!”

“नाही म्हणजे नाही. मिशांसकट? पायांसकट? लेकरांच्या इस्पितळात? लोक आधीच म्हणतात, ही वासाची बाई. आता म्हणतील, घाणेरडीसुद्धा आहे. सोलायचा कंटाळा केला. एकतीस वर्षांत माझ्या हातून असा गबाळा माल गेला नाही गं.” 

धाकटी त्यांच्यासमोर खाली बसली, सालांच्या पसाऱ्यातच. घरी ती सासूबाईंना फारसं उलटून बोलत नसे. पण आज तिला राहवेना.

“आई, पिटुकलीला दात आले तेव्हा तुम्ही काय दिलंत? सुकट भाजून, खलबत्त्यात कुटून, चिमूटभर भातावर. सोललीत का तेव्हा?”

“ते घरचं होतं.”

“घरच्या लेकराला जे सकस म्हणून दिलंत, तेच परक्याच्या लेकराला द्यायला लाज कसली? गबाळा नाही तो माल. पुरा माल आहे. आपण देखणा दिला आणि अर्धा दिला.”

 अंडीवालीने गुडघ्यावर हात ठेवून मध्येच शेरा मारला, “बरोबर बोलतेय सून. माझ्या कोंबड्या काही मिशा बघत नाहीत.”

“तू गप गं, कोंबडे!” सासूबाई म्हणाल्या, पण ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. मग बराच वेळ बोटांनी जमिनीवरची सालं उगाच गोळा करत त्या म्हणाल्या, “वाळू तर काढू देशील की नाही? शेवाळाचे धागे, शिंपल्याचे तुकडे? का तेही कॅल्शियम म्हणून खाऊ घालायचंय?”

“ते काढाच! शिंपल्याचा एक कण राहिला तर आकडा खोटा होईल.”

“मग दे इकडे ती परडी.”

धाकटी नियमाप्रमाणे बाजूला झाली आणि निवडणं सुरू झालं. एवढं अवघड काम त्या चौघींनी जन्मात केलं नव्हतं. वाळू काढायची, काडी काढायची, पण सालीला नख लावायचं नाही! हात वर्षानुवर्षांच्या सवयीने आपोआप डोक्याकडे जात. “ए, मिशी!” रेडिओ ओरडे. “तुझा अंगठा बघ, चोर कुठला!” शेवटी एकीने अंगठा चिंधीने बांधूनच टाकला. सुकट दोनदा धुतली, ताज्या जाळीवर पसरली. गुरुवारी सकाळी ऊन कडक होतं. साडेदहापर्यंत ती मुठीत घेतली की खुळखुळ वाजू लागली.

या खेपेला सासूबाईंनी ठेवणीतले कपडे घातले नाहीत. कामातून उठल्या तशाच आल्या आणि खिडकीवर डबा दिला.

“नवा नमुना, नवा नंबर,” सर म्हणाले. “पहिला अहवाल रद्द होणार नाही. तोही तुमच्याच नावावर राहील.”

“राहू द्या, सर,” धाकटी म्हणाली. “दोन्ही लावा.”

नंबर पडला त्रेपन्न. मग दळणं, वजन करणं, भट्टी. भट्टीत सगळं जळून जातं, मांस, वास, रंग, आणि तळाशी उरते ती फक्त राख. शुक्रवारी सकाळी नऊ वाजता सरांनी मुशी, म्हणजे भट्टीत ठेवायच्या लहान वाट्या, बाहेर काढल्या. धाकटी मधल्या काचेला नाक लावून उभी होती. सत्तेचाळीस नंबरच्या मुशीत, तिने नंतर चौकशी केली होती, राखेचा नुसता फुफाटा होता. या मुशींत पांढरीशुभ्र चिमूट चांगली दिसण्यासारखी बसली होती. पण राख म्हणजे कॅल्शियम नव्हे. राखेत मीठही असतं. 

बाहेर बाकावर सासूबाई बसल्या होत्या. मांडीवर पिटुकली. पिटुकली येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, “आजीची परीक्षा आहे.”

शेवटची पायरी अशी असते: राख विरघळवून केलेल्या पाण्यात रंग घालतात, ते द्राक्षांच्या दारूसारखं तांबडं होतं. मग वरच्या उभ्या नळीतून त्यात एक द्रावण थेंबाथेंबाने सोडायचं. आतलं कॅल्शियम सगळं बांधलं गेलं की तांबडं जातं आणि एका थेंबासरशी निळं होतं. जितके जास्त थेंब लागतील तितकं कॅल्शियम जास्त. सत्तेचाळीस नंबर पाचाच्या खुणेशीच निळा झाला होता.

सरांनी तोटी उघडली. एका हाताने काचेचा चंबू फिरत होता, गोल गोल.

पाच. तांबडं.

धाकटीने श्वास सोडला. दहा. तांबडं. पंधरा. वीस. तिच्या शेजारी मधाच्या टेबलावरची बाई येऊन उभी राहिली. “काय गं, काय चाललंय?” “श्श!” पंचवीस. तिने मनात गणित मांडलं: हजारासाठी एकतीस हवेत. एकतीस! अठ्ठावीसला चंबूत निळी झाक आल्यासारखी वाटली. सरांनी चंबू हलवला. झाक विरली. तांबडं.

एकतीस. बत्तीस.

“तांबडं आहे!” ती काचेवर हात आपटून ओरडली. “अजून तांबडं आहे!”

सरांनी मान वर करून रागाने बघितलं आणि पुन्हा थेंबांकडे वळले. चाळीस. पंचेचाळीस. आता पिठाच्या विभागातले दोघेही आले. पन्नासाला नळी रिकामी झाली. चंबू तांबडाच! सर एक क्षण त्या नळीकडे बघत राहिले. एवढ्या वर्षांत त्यांना खाण्याच्या वस्तूसाठी ती पुन्हा भरावी लागली नसावी. त्यांनी भरली. एक. तीन. सहा. सात.

साडेसातला निळं झालं. आकाशासारखं, लखलखीत.

सरांनी आणखी दोनदा केलं. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली तेव्हा ते कागद घेऊन बाहेर आले. चेहरा त्याच मापाचा. पण कागद त्यांनी धाकटीला दिला नाही. बाकापाशी जाऊन सासूबाईंच्या हातात दिला.

“एक हजार आठशे त्रेसष्ट,” ते म्हणाले. आणि थोडं थांबून, “काकू, असा आकडा मी आजवर कधी लिहिला नव्हता.”

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी सरांना वाकून नमस्कार केला. सर घाबरून मागे सरले आणि खुर्चीला धडकले. “आजी पास!” पिटुकली किंचाळली. धाकटी हसतही होती आणि रडतही होती, आणि एकीकडे सासूबाईंचा हात धरून ओढत होती. “आई, चला! बारा वाजायच्या आत! पळा!”

दोघी पळाल्या. पिटुकली धाकटीच्या कडेवर, दळून उरलेल्या पुडीचा डबा सासूबाईंच्या हातात, आणि दोन्ही अहवाल धाकटीच्या दातांत, कारण हात रिकामे नव्हते. इस्पितळ चार चौक पुढे. लाल दिव्याशी थांबल्या, हिरव्याशी धावल्या, फुटपाथवरच्या एका माणसाची पिशवी सांडली ती उचलून दिली, आणि बाराला आठ मिनिटं कमी असताना आहाराच्या बाईंच्या खोलीत धापा टाकत शिरल्या.

बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. एकशे बासष्ट. एक हजार आठशे त्रेसष्ट. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

“हे एकाच ठिकाणचं आहे?”

“एकाच जाळीवरचं,” धाकटी म्हणाली. “पहिली सोललेली. दुसरी अख्खी.”

“आणि पहिला कागद तुम्ही लपवला नाहीत.” बाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. “बरं झालं. यावरूनच तर कळतंय की आहे ते सालीत. नाहीतर उद्या कुणीतरी मला सोललेली आणून दिली असती आणि मी डोळे मिटून घेतली असती.” मग त्यांनी भराभर प्रश्न विचारले. मीठ लावून वाळवता का? “नाही, नुसत्या उन्हात.” वाळू? “दोनदा धुऊन.” पूड किती बारीक? “म्हणाल तितकी.” “मैद्यासारखी हवी. जाड राहिली तर पोटातून तशीच निघून जाईल, हाडांपर्यंत पोहोचायची नाही. आणि ज्या मुलांना कोळंबीचीच बाधा होते त्यांना हे चालणार नाही. ती मी वेगळी काढीन. बाकीच्यांना दिवसाला दोन लहान चमचे, भातात किंवा सुपात. सगळं काम एकटी सुकट करणार नाही, तीळही राहतील, पालेभाजीही राहील. पण दोन चमच्यांत एवढं देणारं माझ्या यादीत दुसरं काही नाही.”

त्यांनी डब्याचं झाकण काढलं, चिमूटभर पूड जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. धाकटीने सासूबाईंचा हात घट्ट धरला.  बोटांची टोकं खरखरीत, सोलवटलेली.

“छान आहे,” बाई म्हणाल्या. “मुलं खातील.” आणि यादीवर लिहू लागल्या. लिहिता लिहिता त्यांनी मान वर केली. “काकू, मला एक सांगा. दुसऱ्या वेळी तुम्ही नेमकं काय केलंत?”

सासूबाईंनी विचार केला.

“काही केलं नाही, बाई,” त्या म्हणाल्या. “हात आवरला.”

बाई खळखळून हसल्या. मग कागद फिरवून त्यांच्यासमोर ठेवला. “सोमवारपासून. पहिल्या आठवड्याला तीन किलो पूड. जमेल?”

तीन किलो पुडीला सुकट किती, ती धुवायची कधी, वाळायची कधी, दळायची कशावर, असा सगळा विचार सासूबाईंच्या चेहऱ्यावरून झरझर पळताना धाकटीला दिसला. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. ऊन अगदी माथ्यावर होतं.

“जमेल,” त्या म्हणाल्या, आणि सुनेकडे वळून, “ऊठ गं, बघत काय बसलीस? चार तास आहेत अजून उन्हाचे. रेडिओला फोन लाव. म्हणावं, सगळ्या जाळ्या मोकळ्या कर. आणि म्हणावं, साली काढशील तर बघ!”